शाफ्ट मागवण्याआधी हाउसिंग पाहा

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन जीएमसी सीसीकेडब्ल्यू, अडीच टनी, सहाही चाकांना जोर असलेला ट्रक. १९४१ ते १९४५ या काळात पाच लाखांहून अधिक बनले. हौशी मालक आजही ते चालवतात. पुढची चाके जोडलेली ठेवून पक्क्या रस्त्यावर वळणे घेतली, तर पुढचा शाफ्ट सांध्यापाशी तुटू शकतो. मागच्या चाकांवर गाडी चालते खरी, पण तुटका तुकडा अडकून स्टेअरिंग जाम झाले तर जीवावर बेतेल. गाडी ओढूनच न्यावी.

आम्ही कापडवाले. नमुना पाहिल्याशिवाय थान उचलत नाही. इथेही तेच. या ट्रकला दोन जातींचे एक्सल आले: टिमकेनचा दोन भागांत जोडलेला आणि शेव्हरलेचा अखंड, बँजो. एकाचा शाफ्ट दुसऱ्यात बसत नाही. दलाल ‘जीएमसीचाच आहे’ म्हणेल. तेवढ्यावर पैसे मोजू नयेत. जुने तुकडे जुळवून लांबी मापावी, दाते मोजावेत.

मिस्त्री चाक, हब व स्पिंडल काढून शाफ्ट सांध्यासकट ओढतो. आतला तुकडा व लोखंडाचा चुरा निघालाच पाहिजे, नाहीतर क्राउनचे दात जातील. ऑइल सील नवीनच घालावे, तिथे काटकसर नको.