सहा टप्प्यांचं औषधयंत्र

औषधाच्या दुकानातून आपण अझिथ्रोमायसिनची गोळी आणतो, तिचं मूळ मातीतल्या एका जीवाणूत आहे. १९४९ साली डॉ. अबेलार्डो अग्विलार यांनी फिलिपीन्समधल्या इलोइलोची माती अमेरिकेत एली लिली कंपनीकडे पाठवली. तिच्यातल्या जीवाणूकडून एरिथ्रोमायसिन मिळालं आणि १९५२ मध्ये ते बाजारात आलं. अझिथ्रोमायसिन हे त्याचंच रसायनशास्त्रज्ञांनी बदललेलं रूप. पण जीवाणू एरिथ्रोमायसिनचा रेणू घडवतो कसा, हे उलगडायला पुढची जवळपास ४० वर्षं गेली.

१९९० च्या सुमारास केंब्रिजमध्ये पीटर लेडली यांच्या आणि ॲबट कंपनीत लिओनार्ड कॅट्झ यांच्या गटाने या जीवाणूची जनुकं वाचली. हाती लागली ती तीन अवाढव्य प्रथिनं, त्यांत मिळून सहा टप्पे आणि २८ कार्यस्थळं. या एन्झाइमचं नाव डेब्स. त्याची चाल थक्क करणारी आहे. प्रत्येक टप्प्यावर एक लवचीक हात असतो. वाढती कार्बनसाखळी त्याला लटकलेली असते. एक कार्यस्थळ नवा तुकडा निवडून आणतं, दुसरं तो साखळीला जोडतं, तिसरं असलं तर तिथल्या ऑक्सिजनची डागडुजी करतं. मग साखळी पुढच्या हाताकडे जाते. सहाव्या टप्प्यानंतर शेवटचं कार्यस्थळ तिची दोन टोकं जुळवतं आणि १४ अणूंचं कडं सुटं होतं. त्यावर साखरेचे दोन रेणू चढवण्याचं काम दुसरी एन्झाइमं करतात.

रेणूचा आराखडा असा टप्प्यांच्या क्रमातच लिहिलेला असेल, तर क्रम बदलून नवा रेणू का घडवू नये? कॅट्झ यांच्या गटाने १९९१ मध्ये पाचव्या टप्प्यातलं डागडुजीचं कार्यस्थळ निकामी केलं आणि कड्यावर नेमका त्याच जागी बदल दिसला. लेडलींच्या गटाने शेवटचं कार्यस्थळ उचलून दुसऱ्या टप्प्यामागे बसवलं, तर छोटं कडं मिळालं. मुंबईच्या आयआयटीत शिकलेले चैतन खोसला यांनी स्टॅनफर्डमध्ये हे काम फार पुढे नेलं. त्यांच्या सहभागाने उभ्या राहिलेल्या कोसान कंपनीतल्या संशोधकांनी १९९९ मध्ये याच एका एन्झाइमचे भाग अदलून-बदलून ५० हून अधिक नवे रेणू मिळवले. २००१ मध्ये खोसलांच्या गटाने तिन्ही प्रथिनं ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जीवाणूत चालवून दाखवली. त्यासाठी लवचीक हात बसवणारं जनुक बॅसिलसकडून घ्यावं लागलं, आणि ई. कोलायकडे नसलेला कच्चा माल तयार करण्यासाठी आणखी जनुकं घालावी लागली.

अडचण टप्प्यांमधल्या सांध्यांची आहे. भाग बदलला की पुढचा टप्पा ओळख नसलेली साखळी नीट उचलत नाही. म्हणून बऱ्याच संकरित यंत्रांतून मूळच्या मानाने फारच थोडा माल हाती येतो. कधी काहीच येत नाही. टप्पे सुटे करून हवे तसे जोडता येतील, ही सुरुवातीची आशा भाबडी ठरली. माझ्या मते या क्षेत्रातलं सर्वांत मोलाचं काम आता सांध्यांवरचं आहे: दोन प्रथिनं एकमेकांना कशी ओळखतात, कुठे कापलं तर प्रथिनाची घडी मोडत नाही, उत्क्रांतीने स्वतः कुठे कापलं होतं. त्याला वेळ लागतो आणि लगेच औषध हाती येत नाही. तरी जुन्या प्रतिजैविकांना जंतू दाद देईनासे झाले असताना याच कामासाठी पैसा आणि धीर दोन्ही राखून ठेवायला हवेत.