राखाडी प्लॅस्टिकला लावलेला जीव

वॉरहॅमर या टेबलावर छोट्या सैनिकांनी खेळायच्या युद्धखेळाची नवी पेटी उघडली की आत खेळायला तयार असं काहीच नसतं. असतात त्या राखाडी प्लॅस्टिकच्या सपाट चौकटी, आणि त्यांना सुटे सुटे चिकटलेले हात, पाय, शिरस्त्राणं, बंदुका. त्यातल्या 'वॉरहॅमर ४०,०००' या प्रकारात नवख्याने घ्यायच्या अशा एका पेटीला ब्रिटनमध्ये शंभर पौंडांच्या आसपास मोजावे लागतात, आणि तेवढ्यात पूर्ण सैन्य काही उभं राहत नाही. वर डिंक, प्रायमर, बारा-बारा मिलिलिटरच्या रंगांच्या डब्या, ब्रश, नियमांचं पुस्तक आणि आपल्या सैन्याचं वेगळं पुस्तक, म्हणजे 'कोडेक्स', हा खर्च वेगळा. साधारण तीन वर्षांनी नियमांची नवी आवृत्ती येते आणि कालची पुस्तकं कपाटात जातात. असं असूनही हा खेळ बनवणारी नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी डिसेंबर २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारातल्या शंभर सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली. लोक दरवाढीबद्दल कुरकुरतात, पण सोडून जात नाहीत. असं का, याचं उत्तर बहुतेक जण एका शब्दात देतात: व्यसन. हे उत्तर सोपं आहे आणि अपुरं आहे. ही माणसं कंपनीला बांधलेली नाहीत. ती बांधलेली आहेत स्वतःच्या हातांनी केलेल्या कामाला, आणि ते काम ज्या टेबलावर मांडलं जातं त्या टेबलापलीकडच्या माणसाला. हे नीट पाहिलं की किमतीचं कोडंही बरंचसं सुटतं.

छोट्या सैनिकांची लढाई मांडायची कल्पना वॉरहॅमरपेक्षा खूप जुनी. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर ठोकळे हलवून युद्धाचा सराव करण्याची पद्धत बसवली. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून घरातल्या फरशीवर खेळण्यातल्या सैनिकांची लढाई कशी खेळावी याचे नियम दिले. गेम्स वर्कशॉप १९७५ साली लंडनमध्ये तीन मित्रांनी सुरू केली ती लाकडी पटांचे खेळ विकायला. पुढे तिच्या आधाराने सिटाडेल मिनिएचर्स ही धातूचे सैनिक ओतणारी कंपनी उभी राहिली, आणि १९८३ मध्ये ब्रायन अॅन्सेल, रिचर्ड हॅलिवेल आणि रिक प्रीस्टली यांनी 'वॉरहॅमर'चे नियम लिहिले. त्यामागचा हिशेब सरळ होता. भूमिका वठवण्याच्या खेळांना एक-दोन सैनिक पुरतात, लढाईला मात्र डझनावारी लागतात. म्हणजे या खेळाचा जन्मच सैनिक खपवण्यासाठी झाला, हे आधीच मान्य करून टाकलेलं बरं. पण ते खपावेत म्हणून घेणाऱ्याला मोकळं रान द्यावं लागलं. सुरुवातीच्या वर्षांत कंपनीच्याच छापील साहित्यात डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून रणगाडा कसा करावा हे दाखवलेलं होतं. प्रीस्टली यांनी १९८७ मध्ये एक्केचाळिसाव्या सहस्रकात घडणारं 'वॉरहॅमर ४०,०००' आणलं. त्याच्या विश्वात स्पेस मरीन या योद्ध्यांच्या सुमारे हजार तुकड्या आहेत असं सांगितलं जातं, आणि त्यातल्या काही तुकड्यांचीच नावं व रंग ठरलेले आहेत. बाकीच्या जागा रिकाम्या. आपल्या तुकडीचं नाव, रंग, चिन्ह, इतिहास ज्याचा त्याने ठरवायचा. विकत घेतलेल्या जगात स्वतःची जागा राखून ठेवलेली असणं, हे या खेळाचं पहिलं बलस्थान.

दुसरं बलस्थान हातात आहे. बोटाच्या दोन पेरांएवढा एक सैनिक तयार होताना पाहिला की ते कळतं. आधी तो निप्परने चौकटीपासून तोडायचा, तोही एकदम मुळाशी नाही, कारण तिथे प्लॅस्टिक पांढरं पडून खड्डा पडतो. थोडं अंतर ठेवून तोडायचं आणि उरलेला खुंट पात्याने सपाट करायचा. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे अंगभर एक बारीक कड उमटलेली असते. ती पात्याच्या बोथट बाजूने खरवडून काढायची, कारण कच्च्या प्लॅस्टिकवर जी कड डोळ्याला दिसतही नाही ती रंग चढल्यावर व्रणासारखी उठून येते. जोडायचा डिंकही साधा नव्हे. तो प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे सांधून एकजीव करतो. मग प्रायमर. मग मूळ रंग, एक जाड हात नव्हे, दोन पातळ, नाहीतर चेहऱ्यावरचं कोरीव काम बुजतं. त्यावर काळपट पातळ रंगाचा हात. तो आपोआप खाचाखोचांत उतरतो आणि सावल्या तयार होतात. शेवटी ब्रश जवळजवळ कोरडा पुसून उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा, चिलखताच्या कडांवर केसाएवढी उजळ रेघ ओढायची, आणि पायाखालच्या चकतीवर वाळू आणि सुकं गवत चिकटवून जमीन करायची. साधारण रंगवणाऱ्याला एका सैनिकापाठी दोन-तीन तास सहज जातात. सैन्यात असे पन्नास-साठ असले तर संध्याकाळीच्या संध्याकाळी, आठवडेच्या आठवडे हे काम चालतं. दुकानात जे घेतलं तो कच्चा माल होता. वस्तू घरी, दिव्याखाली तयार झाली.

स्वतः केलेल्या वस्तूचं मोल माणूस वेगळं लावतो, याला संशोधनाचाही आधार आहे. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचोन आणि डॅन एरिएली यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना घड्यांचे कागदी प्राणी आणि जोडायचे खोके करायला दिले होते. आपल्या ओबडधोबड कागदी प्राण्याची किंमत लोकांनी जवळजवळ तज्ज्ञांच्या कामाइतकी लावली. त्याच प्रयोगांतला आणखी एक निष्कर्ष आपल्या विषयाला अधिक लागू आहे: काम अर्धवट राहिलं किंवा केलेलं मोडून टाकलं, की हे मोल नाहीसं होतं. वॉरहॅमरच्या लोकांत न उघडलेल्या, न रंगवलेल्या पेट्यांच्या ढिगाला 'पाइल ऑफ शेम', लाजेचा ढीग, म्हणतात. हे सगळं व्यसनच आहे असं म्हणणारे या ढिगाकडे बोट दाखवतात: काम हेच जर कारण, तर न केलेल्या कामाचे ढीग का? पण त्या नावातच उत्तर आहे. नुसती वस्तू घेण्यातच सुख असतं तर ढीग मिरवला गेला असता. त्याची लाज वाटते, कारण मालकी पैसे दिल्याने पुरी होत नाही, हे ज्याचा ढीग आहे त्याला पक्कं ठाऊक असतं. दिवाळीत अंगणात किल्ला करणाऱ्या मुलालाही हे सांगावं लागत नाही. मावळे बाजारातून आणलेले असतात. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवायचा असतो तो किल्ला, चिखलात कोपरापर्यंत हात घालून केलेला, अळीव पेरून हिरवा केलेला.

तरीही नुसतं रंगकाम म्हटलं तर ते एकट्याचं सुख झालं. वॉरहॅमरला समोर कोणीतरी लागतं. रूढ आकाराचा सामना दोन-दोन हजार गुणांचं मोल असलेल्या सैन्यांत, साठ इंच लांब आणि चव्वेचाळीस इंच रुंद रणांगणावर पाच फेऱ्यांत होतो आणि तीन तास तरी चालतो. टेप लावून अंतर मोजायचं, मूठभर फासे टाकायचे, कोण आडोशाला आहे आणि कोण नाही हे वाकून सैनिकाच्या डोळ्यांच्या पातळीवरून पाहायचं, आणि वाद आला तर दोघांनी मिळून मिटवायचा. पंच बहुधा नसतो, त्यामुळे सगळं समोरच्याच्या सचोटीवर उभं असतं. इथेही हातच्या कामाला मान आहे: अलीकडच्या आवृत्त्यांत स्पर्धेच्या सामन्यातल्या शंभर गुणांपैकी दहा गुण निव्वळ सैन्य रंगवलेलं असल्याचे मिळतात. समोरचा माणूस तुमच्या सेनापतीला उचलून त्याचा झगा जवळून पाहतो आणि हा निळा कसा साधला म्हणून विचारतो, तेव्हा दिव्याखालच्या त्या संध्याकाळींना साक्षीदार मिळतो. कंपनीची जगभर पाचशेहून अधिक दुकानं आहेत, पुष्कळ ठिकाणी एकच माणूस ती चालवतो, आणि तिथे नवख्याला रंगवायला आणि खेळायला शिकवलं जातं. स्वस्त किंवा फुकट नियमांचे चांगले पर्याय असतानाही लोक इथेच का राहतात याचं व्यावहारिक कारण हेच: परक्या गावात गेलात तरी प्रतिस्पर्धी सापडतो. भाषेचं जसं असतं तसं हे आहे. बोलणारे जास्त, म्हणून शिकणारे जास्त.

निष्ठा नेमकी कशावर आहे याची परीक्षा घ्यायची तर कंपनी आणि खेळाडू यांचे मार्ग जिथे फुटले तिथे पाहायला हवं. असे प्रसंग घडलेले आहेत. कंपनीने २०१५ मध्ये १९८३ पासूनचा मूळ वॉरहॅमर बंद केला, त्याचं जग कथेतच नष्ट करून टाकलं आणि 'एज ऑफ सिग्मार' हा नवा खेळ आणला. जुन्या खेळात सैनिक चौकोनी चकत्यांवर रांगा करून उभे राहत, नव्यात गोल चकत्यांवर मोकळे. निष्ठा कंपनीवर असती तर सगळेच गोल चकत्यांकडे वळले असते. पुष्कळ जण वळले नाहीत. त्यांनी जुनीच पुस्तकं वापरली, काहींनी एकत्र येऊन 'नाइन्थ एज' नावाने स्वतःचे नियम लिहिले, आणि चौकोनी चकत्यांवरच्या रांगा टेबलावर उभ्या राहिल्या. शेवटी जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनेच 'द ओल्ड वर्ल्ड' या नावाने ते जग परत आणलं. त्याआधी 'ब्लड बोल' या १९८६ च्या खेळाचंही असंच झालं होतं. कंपनीने त्यातून अंग काढून घेतल्यावर खेळाडूंनी स्वतःची संघटना चालवली, देशोदेशी स्पर्धा भरवल्या, आणि २०१६ मध्ये कंपनीला तो खेळ पुन्हा बाजारात आणावासा वाटला. व्यसनी माणूस विक्रेत्यामागे जातो. इथे विक्रेता माणसांमागे परत आला.

आक्षेप राहतात, आणि त्यातले काही बिनतोड आहेत. पहिला असा की हे सगळं आधी घातलेल्या पैशांचं ओझं आहे: इतके ओतले, आता सोडवत नाही. पण वापरलेल्या सैन्यांची खरेदी-विक्री जोरात चालते, बाहेर पडणाऱ्याला दार उघडं आहे, आणि २०१५ मध्ये तर बाहेर पडायचं आयतं निमित्त होतं. ज्यांचं पाऊल तेव्हा अडलं ते पैशांमुळे कमी आणि पैशांत न मोजता येणाऱ्या तासांमुळे जास्त. दुसरा आक्षेप घरगुती थ्रीडी प्रिंटरचा. आज राळेवर चालणारे प्रिंटर फार बारकाव्याचे सैनिक थोड्या खर्चात काढतात. मग महाग प्लॅस्टिक कशाला? हा धोका खरा आहे, पण तो कंपनीला आहे, छंदाला नाही. प्रिंटरमधून आलेला सैनिकसुद्धा करडाच असतो, त्यालाही घासावं, रंगवावं लागतं आणि त्यालाही प्रतिस्पर्धी लागतो. तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: हा खर्च कितीतरी जणांना दाराबाहेरच ठेवतो. साठ सैनिकांना तीन-तीन तास म्हणजे एकशे ऐंशी तास, शिवाय वर्षानुवर्षांचे सामने, त्यामुळे तासाचा भाव स्वस्तच पडतो, असा हिशेब हौशी लोक मांडतात. हिशेब बरोबर आहे, पण तास हळूहळू खर्चायचे असतात आणि पैसे आधी द्यायचे असतात. ज्याच्या खिशात ते नाहीत त्याला तासाच्या भावाने दिलासा मिळत नाही. मूळ वॉरहॅमर थकत गेला त्यातही हे होतं, कारण रांगा भरायला नवख्याला सुरुवातीलाच फार मोठं सैन्य लागे. हातचं काम आहेत त्यांना धरून ठेवतं, पण नव्यांना आत आणू शकत नाही. ज्या गोष्टीची गोडी काम करून बघितल्यावरच कळते, तिच्या उंबरठ्यावर मोठी किंमत ठेवणं हा अन्याय आहे, आणि खेळावर प्रेम करणाऱ्यांनी तो अन्याय म्हणूनच बोलून दाखवला पाहिजे.

म्हणून या निष्ठेचा अर्थ दोन्ही बाजूंनी नीट लावायला हवा. बाहेरच्यांनी तिला भोळेपणा समजू नये. कोणत्याही कामात जीव ओतणाऱ्या माणसाला, विणकराला वा सुताराला, आपल्या हातच्या वस्तूबद्दल जे वाटतं तेच इथे आहे, फक्त धागा आणि लाकूड एका कारखान्यातून येतं. आणि कंपनीने तिला आपली मिळकत समजू नये. कच्चा माल तिचा, साचे तिचे, नियमही तिचे. पण १९८३ नंतरच्या चाळीस वर्षांत जे घडलं त्यातून मालकी कुठे असते ते दिसतं. 'द ओल्ड वर्ल्ड' आला तेव्हा चकत्यांची मापं थोडी वाढलेली होती, ऑर्क या राक्षसी जमातीच्या सैनिकाची पंचवीस मिलिमीटरवरून तीस झाली होती. जुनी सैन्यं बाळगणाऱ्यांपैकी कित्येकांनी आपले सैनिक मोडले नाहीत की नवे घेतले नाहीत. जुन्या चकतीभोवती अडीच-अडीच मिलिमीटरची प्लॅस्टिकची चौकट बसवली, जुन्या वाळूला जुळेल अशी वाळू लावली, आणि विशीत रंगवलेले धातूचे ऑर्क आजच्या प्लॅस्टिकच्या रांगेत खांद्याला खांदा लावून उभे केले. त्या चौकटीला खर्च फारसा येत नाही. ती बसवायला वेळ मात्र लागतो, आणि तो त्यांनी आनंदाने दिला.