राजनांदगावच्या गाडीतले टिळक

लग्न ठरलेली जोडपी आमच्या भिलाईच्या चर्चमध्ये पाळकांकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा मलाही बोलावणं असतं. मी मूळचा नगरचा, पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून निवृत्त झालेला. पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय, प्रीतीचा, बहुतेकांच्या पत्रिकेवर छापलेलाच असतो. तो मी पुन्हा वाचत नाही. टिळकांची गोष्ट काढतो.

मराठी कवी नारायण वामन टिळक १८९३ साली रेल्वेने राजनांदगावला निघाले होते, म्हणजे आमच्या शेजारीच. गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबल दिलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या त्या सोवळं घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळक तसे तापट आणि हट्टी, शिवाय नव्या श्रद्धेने भारलेले. पण धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. जातिभेदाचा विचार लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या डोक्याने केला आणि १९०० मध्ये आपणहून बाप्तिस्मा घेतला. प्रीती आपलंच खरं करायला बघत नाही, हे पौलाचं म्हणणं मला तरी या घरात सगळ्यांत स्पष्ट दिसतं.

पण टिळकांना मी देव करत नाही. हाती आलेला पैसा ते गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे, आणि घरात पीठमीठ आहे का याची काळजी लक्ष्मीबाईंनी करायची. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे हसत हसत सांगितलंय, आमच्या हिला मात्र ते वाचताना हसू येत नाही. ती म्हणते, “दान त्यांचं, उपास हिचा!” मला ते पटतं. स्वतःचा हेका सोडणं हा त्याग. दुसऱ्याच्या ताटातलं न विचारता उचलून देणं हा नव्हे. जोडप्यांना मी हेही सांगतो, मग पाळकांनी घड्याळाकडे पाहिलं तरी चालेल.

१९१९ मध्ये टिळक गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहिले.

मागे एका मुलाने विचारलं, “अंकल, तिच्या माहेरी गणपती बसतो. लग्नानंतर तिने तिकडे जायचं म्हटलं तर?”

म्हटलं, “जाऊ दे. आणि स्टेशनवर सोडायला तू जा.”