असाध्य ठरल्यानंतरचे वैद्यकर्तव्य

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवव्या अध्यायात वैद्यवृत्ती चतुर्विध सांगितली आहे : मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रुग्णाविषयी प्रीती आणि प्रकृतिस्थांविषयी, म्हणजे मरणोन्मुखांविषयी, उपेक्षा. यांतील चौथ्या शब्दाचा अर्थ व्यवहारात फार सैल झाला आहे. रोग असाध्य ठरला की आपले काम संपले, असे त्यावरून समजले जाते. आमच्या मते ही उपेक्षा रोगनिवृत्तीच्या उपचारांची आहे, रुग्णाची नव्हे. मरणोन्मुख रुग्णाइतका आर्त कोण असतो? त्याच्यापुरते कारुण्याचे कर्तव्य शेवटच्या श्वासापर्यंत आणि त्याच्या कुटुंबापुरते त्यानंतरही उरते.

हा केवळ शब्दार्थाचा वाद नाही. महाराष्ट्रातील अनेक खासगी रुग्णालयांत रात्रपाळीचे निवासी वैद्यकीय अधिकारी म्हणून आपलेच पदवीधर काम करतात. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेले नातेवाईक पहाटे त्यांनाच गाठतात. 'आता घरी न्या' असे ऐकलेले कुटुंब दुसऱ्या दिवशी आपल्याच चिकित्सालयाची किंवा औषधी दुकानाची पायरी चढते.

सांगावे किती?

अरिष्टे दिसली तरी न विचारता मरण वर्तवू नये आणि विचारले तरी जेथे आघात होईल तेथे बोलू नये, असा संयम इंद्रियस्थानाच्या बाराव्या अध्यायात सांगितला आहे. त्याचा अर्थ खोटी आशा द्यावी असा नव्हे. 'तुम्हाला आतापर्यंत काय सांगितले आहे? आणखी किती जाणून घ्यायचे आहे?' असे रुग्णालाच विचारावे व त्याच्या उत्तराच्या बेताने बोलावे. नातेवाइकांना मात्र वेळेवर कळले पाहिजे. परगावच्या मुलाला बोलावून घ्यायचे असते. तासांचा ठाम आकडा देऊ नये. 'आता आठवड्यांचा नव्हे, दिवसांचा प्रश्न आहे', एवढे पुरते.

कृत्रिम जीवनाधाराबाबत कायदाही माहीत हवा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला व २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची प्रक्रिया सुलभ केली. वैद्यकीय इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येते. जीवनाधार काढण्याचा निर्णय मात्र वैद्यकीय मंडळांमार्फतच होतो. रात्रपाळीच्या अधिकाऱ्याने तो एकट्याने घ्यावयाचा नसतो.

शेवटचे दिवस

अन्नावरची वासना उडणे हा मरणप्रक्रियेचाच भाग आहे. 'उपाशी जातोय' म्हणून नातेवाईक बळेच चमच्याने भरवतात आणि ते श्वासमार्गात जाते. तोंड ओल्या कापसाने पुसावे; गंगाजळ तुळशीपत्राने ओठांना लावावे. त्यासाठी अतिदक्षता विभागात दोन मिनिटे मिळवून देणे निवासी अधिकाऱ्याच्या हाती असते. घशातील घरघर बहुधा साचलेल्या स्रावाची असते. कुशीवर वळवल्याने ती पुष्कळदा कमी होते. वेदनेसाठी दिलेले मॉर्फीन 'सवय लागेल' म्हणून बंद करवू नये. त्याने मलावष्टंभ होतो, म्हणून सोबतचे रेचकही चालू ठेवावे.

औषधालयचालक बंधूंना एक विनंती. 'काहीतरी द्या' म्हणणाऱ्याला औषधापेक्षा आपण हात टेकले नाहीत एवढे समाधान हवे असते. यकृत व वृक्क थकलेल्या रुग्णासाठी महागडे सुवर्णकल्प आणि भस्मे त्याच्या हाती देऊ नयेत. असाध्याची चिकित्सा करणाऱ्या वैद्याचे अर्थ, विद्या व यश जाते, असा इशारा चरकानेच दिला आहे. येथे तर कुटुंबाचाही अर्थ जातो. विकत घ्यायच्या वस्तूऐवजी त्याला करण्याजोगे काम द्यावे : तळपायांना कोमट तेल लावणे, कूस बदलणे, जवळ बसून बोलणे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन (१९८६) आणि पुण्यात वारजे येथील सिप्ला केंद्र (१९९७) यांसारख्या परिहार सेवा देणाऱ्या संस्थांचे दूरध्वनी क्रमांक दुकानात लावून ठेवावेत.

मृत्यूनंतर

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. चौदाव्या दिवशी ते रिकामे होते. नंतर निद्रानाश, अरुची, अतिसार घेऊन त्याच घरातील माणसे आपल्याकडे येतात. शोकज अतिसारात वातहर चिकित्सेबरोबर हर्षण व आश्वासन सांगितले आहे, हे विसरून केवळ स्तंभन देऊ नये. 'आणखी एक दिवस ठेवले असते तर?' या प्रश्नाला सविस्तर उत्तर देणे हेही आश्वासनच. शोक सहा महिन्यांनंतरही तितकाच तीव्र राहून दैनंदिन व्यवहार थांबले असतील, तर २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक रोगवर्गीकरणात त्याला स्वतंत्र विकार मानले आहे. अशा वेळी, आणि आत्महत्येचा विचार बोलून दाखविल्यास तत्काळ, मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे.

आपल्या नोंदवहीत रुग्णाच्या नावापुढे मृत्यूची तारीख लिहून पान मिटले जाते. त्याच पानावर आणखी दोन तारखा लिहाव्यात, असे आम्ही सुचवितो : महिन्याभराने एक भेट आणि वर्षश्राद्धाच्या सुमारास दुसरी. या भेटींना औषध लागत नाही आणि शुल्कही घ्यावयाचे नसते. परंतु त्या घराला वैद्य आहे, हे त्यांतूनच कळते.