संगणकाच्या दप्तरांतील सात आज्ञा

ता. १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर हा नवा जिल्हा अस्तित्वांत आला. त्या दिवशीं वसई तालुक्यांतील चांदीप गांवचें एकही घर हललें नाहीं, कीं शेताचा एक बांध सरकला नाहीं; तरीही गांवाचा पत्ता बदलला. तालुका एका जिल्ह्यांतून दुसऱ्यांत गेला, आणि त्याच्या पोटांतील गांवें, वाड्या व गट-नंबर आपोआप त्याच्याबरोबर गेले. संगणकांतील कागदपत्रांची व्यवस्था हुबेहूब अशीच असते.

संगणकांत साठविलेल्या लेखास, हिशेबास किंवा छायाचित्रास फाईल म्हणतात, व फायली ज्या कप्प्यांत ठेवितात त्यास डिरेक्टरी. एका कप्प्याच्या पोटांत दुसरा कप्पा असूं शकतो. पडद्यावरील चित्रें इकडून तिकडे सरकवून हीं कामें होत असतां अक्षरें टंकून आज्ञा देण्याचा खटाटोप कशास, असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही विचारला जातो. त्याचें उत्तर असें कीं, चित्र सरकविणारास वस्तु दिसते, पण तिचें ठिकाण बहुधा दिसत नाहीं. शेंकडों छायाचित्रें एका आज्ञेनें हलवितां येतात ही सोय आहेच. परंतु खरा लाभ ठिकाणाचें भान येणें हा होय.

या आज्ञा युनिक्स नामक व्यवस्थेंतील आहेत. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ सालीं तिचा पाया घातला. त्या काळीं पडद्याऐवजीं कागदावर सावकाश छापणारीं टंकयंत्रें वापरीत. म्हणून आज्ञांचीं नांवें आंखूड ठेविलीं गेलीं. आजही लिनक्स व मॅक यांच्या ‘टर्मिनल’ खिडकींत तींच चालतात. विंडोजच्या पॉवरशेलमध्येंही हीं नांवें ओळखलीं जातात. मात्र तेथील बारकावे निराळे आहेत. आज्ञा लहान रोमन अक्षरांत टंकावयाच्या असतात; येथें त्यांचे उच्चार दिले आहेत.

‘पीडब्ल्यूडी’ हें येथें बांधकाम खात्याचें नांव नव्हे. आपण कोणत्या कप्प्यांत उभे आहोंत तें ही आज्ञा सांगते. ‘एलएस’ कप्प्यांतील वस्तूंची यादी देते. ‘सीडी’ व पुढें कप्प्याचें नांव लिहिल्यास त्यांत प्रवेश होतो. नांवाऐवजीं दोन टिंबें दिल्यास बाहेरच्या कप्प्यांत परततां येतें. ‘एमकेडीआयआर’ नवा कप्पा निर्माण करते. ‘सीपी’ नक्कल करते, ‘एमव्ही’ वस्तु हलविते किंवा तिचें नांव बदलते, आणि ‘आरएम’ ती नाहींशी करते. पत्ता लिहितांना टपालाच्या उलट, मोठें ठिकाण आधीं येतें: पालघर/वसई/चांदीप. आरंभीं तिरपी रेघ असेल तर पत्ता मुळापासून मोजला जातो. नसेल तर आपण जेथें उभे असूं तेथून. म्हणूनच एकच आज्ञा दोन ठिकाणीं दोन भिन्न परिणाम करूं शकते.

सरावासाठीं प्रथम ‘सराव’ नांवाचा निराळा कप्पा करून त्यांत शिरावें. तेथें ‘ठाणें’ व ‘पालघर’ हे दोन कप्पे करावे. ठाणेंमध्यें ‘वसई’, व वसईमध्यें ‘चांदीप’. चांदीपमध्यें एखाद्या साध्या पत्राची नक्कल आणून ठेवावी. मग ‘सराव’मध्यें परत येऊन आज्ञा द्यावी: एमव्ही ठाणें/वसई पालघर. आतां पालघर/वसई/चांदीप येथें यादी मागितल्यास पत्र सुखरूप दिसेल. जुन्या पत्त्यावर मात्र असें कांहीं नाहीं असें उत्तर येईल. पालघर हा कप्पा आधीं निर्माण न करतां हीच आज्ञा दिली तर संगणक तक्रार करीत नाहीं. तो ‘वसई’चेंच नांव बदलून ‘पालघर’ ठेवितो. तालुका हरवला असें वाटतें, पण हरवलेलें असतें तें केवळ नांव.

याहून मोठा धोका ‘आरएम’मध्यें आहे. या आज्ञेस केराची टोपली नाहीं. गेलेली फाईल सहसा परत मिळत नाहीं. ‘सीपी’ व ‘एमव्ही’ याही त्याच नांवाची जुनी फाईल असल्यास न विचारतां तिच्यावर नवी लिहितात. जमिनीचा उतारा, मुलांचीं प्रमाणपत्रें, दिवंगत आजीचें एकुलतें एक छायाचित्र – एका ओळीनें हें सर्व जाऊं शकतें. म्हणून या तिन्ही आज्ञांपुढें आडवी रेघ व ‘आय’ हें अक्षर जोडावें. म्हणजे संगणक आधीं अनुमति विचारतो. अनेक फायलींसाठीं तारकाचिन्ह वापरावयाचें असेल, तर तेंच चिन्ह प्रथम ‘एलएस’पुढें देऊन कोणतीं नांवें येतात तें पाहावें. महत्त्वाच्या कागदांची एक नक्कल निराळ्या डिस्कवर असावीच.

मराठींतून हा अभ्यास करूं इच्छिणारांस पवईच्या आय. आय. टी. मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमांत लिनक्सचे छोटे बोलके पाठ मिळतात. पाठ ऐकत ऐकत शेजारीं आज्ञा देऊन पाहावी, अशीच त्यांची रचना आहे. मात्र पाठ कोणताही असो, बोट कळीवर पडण्यापूर्वीं ‘पीडब्ल्यूडी’ विचारण्याची संवय आधीं जडली पाहिजे. आपण कोठें उभे आहोंत हें ज्यास ठाऊक आहे, त्याच्या हातून घरचें दप्तर सहसा हरवत नाहीं.