कामावरील अपघात : नुकसानभरपाईच्या दाव्याची दोन वर्षांची मुदत

घरातील कर्ता माणूस कामावर दगावला तर त्याची महिन्याची मिस्सा, वर्षदिनाची मिस्सा कुटुंब कधी चुकवीत नाही. ती तारीख सर्वांच्या लक्षात असते. त्याच तारखेपासून कायद्याचीही एक मुदत मोजली जाते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

आपल्या चेंबूर-माहूल परिसरात तेलशुद्धीकरण व खतांचे मोठे कारखाने आहेत. ८ ऑगस्ट २०१८ रोजी माहूल येथील भारत पेट्रोलियमच्या कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक जण जखमी झाले, ही घटना आपण विसरलेलो नाही. म्हणून ही माहिती प्रत्येक श्रमिक कुटुंबाजवळ असावी.

पूर्वी या बाबतीत १९२३ चा नुकसानभरपाई कायदा लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली आहे. मुदत दोन्हींत सारखीच आहे : अपघाताच्या दिवसापासून दोन वर्षे, मृत्यू झाल्यास मृत्यूच्या दिवसापासून दोन वर्षे. व्यवसायजन्य आजाराने माणूस कामास असमर्थ झाला, तर त्या आजारामुळे तो सलग गैरहजर राहू लागला तो पहिला दिवस अपघाताचा दिवस मानला जातो.

मुदत टळली तरी सबळ कारण पटल्यास दावा स्वीकारण्याचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्यास आहे. परंतु ती सवलत आहे, हक्क नव्हे. ‘साहेब देतो म्हणाले होते’ हे कारण पुरेसे ठरेल, या भरवशावर कोणी राहू नये.

याच उपनगरांतील एका विधवेचे उदाहरण बोलके आहे. जुलै १९५७ मध्ये बेस्टचा एक चालक जोगेश्वरी आगारातील काम संपवून दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. अंधेरीजवळ ती बस उभ्या लॉरीवर आदळली आणि काही दिवसांनी तो मरण पावला. पत्नीने भरपाईचा दावा केला. आयुक्तांनी तो फेटाळला. उच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला आणि १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. ‘बेस्ट विरुद्ध अ‍ॅग्नेस’ या नावाने तो निकाल आजही उद्धृत होतो. घर ते काम या प्रवासातील अपघाताचा त्या कामाशी संबंध असल्यास नव्या संहितेत आता तशी स्पष्ट तरतूदच आहे. न्याय मिळण्यास सहा वर्षे लागली. पण मुळात अर्ज केला होता, म्हणूनच तो मिळाला.

मग काय करावे?

१) अपघाताची सूचना मालकास शक्य तितक्या लवकर लेखी द्यावी व पोच घ्यावी. मालकास अन्य मार्गाने अपघात कळला असेल, तर केवळ सूचना दिली नाही म्हणून दावा बुडत नाही.

२) रुग्णालयाची कागदपत्रे, वेतनाचा पुरावा, हजेरीपत्रक, पोलीस पंचनामा जपून ठेवावा.

३) ठेकेदाराकडे काम करणाऱ्यांना, ज्याच्या आवारात व ज्याच्या व्यवसायाचे काम चालू होते, त्या मुख्य मालकाकडेही भरपाई मागता येते.

४) हक्क सोडून देणाऱ्या कागदावर सही करू नये, असा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम मालकाने प्राधिकाऱ्याकडे जमा करावयाची असते. परस्पर हातावर ठेवलेले पैसे भरपाई ठरत नाहीत.

५) जे कामगार राज्य विम्याखाली (ईएसआय) येतात, त्यांनी मालकाकडे नव्हे, तर विमा महामंडळाच्या शाखेकडे विनाविलंब दावा करावा.

६) वकिलाचा खर्च झेपत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया व औद्योगिक कामगार यांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते.

कामावरील अपघातासाठी विम्याचे संरक्षण हा श्रमिकाचा हक्क आहे, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमविषयक परिपत्रकात स्पष्ट केले आहे. तो मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे. तो लोभही नव्हे. संत लूकच्या शुभवर्तमानातील विधवा न्यायाधीशाच्या दारी पुन्हा पुन्हा गेली, आणि प्रभूने तिच्या चिकाटीचे उदाहरण आपल्यापुढे ठेवले.

धर्मग्रामातील लघु ख्रिस्ती समूहांनी शोकग्रस्त घरी भेट देताना प्रार्थनेबरोबर एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘अर्ज केला का?’ मृताच्या दुसऱ्या वर्षदिनाची मिस्सा होण्यापूर्वी तो दाखल झालेला असावा.