सहा गतींचा नकाशा आणि जपानी चित्रकथा

अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात, ओसरीच्या डाव्या टोकाच्या भिंतीवर, एक मोठे चक्र रंगविलेले आहे. आज त्याचा थोडाच भाग शिल्लक आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे आलेल्या युरोपीय अभ्यासकांना ते राशिचक्र वाटले आणि काही काळ हे लेणे त्याच नावाने ओळखले गेले. वस्तुतः ते भवचक्र आहे. प्राणिमात्र कोणकोणत्या अवस्थांतून फिरत राहतात हे दाखविणारे पाचव्या शतकातले चित्र. मी ते प्रथम पाहिले तेव्हा मलाही त्यातले फारसे काही कळले नव्हते. पुष्कळ वर्षांनी ते कळू लागले, आणि तेही एका अनपेक्षित वाटेने. माझ्या पुतण्याने जपानी चित्रकथांची काही इंग्रजी भाषांतरे माझ्या हाती दिली. या चित्रकथांना जपानमध्ये ‘मंगा’ म्हणतात आणि आपल्याकडची तरुण मुले आज त्या आवडीने वाचतात.

पुतण्याचा प्रश्न सरळ होता. “काका, विहारात आपल्याला सांगतात की धम्मात स्वर्ग-नरकाच्या भाकडकथांना जागा नाही. मग बौद्ध देशातल्या या पुस्तकांत इतके नरक, इतकी भुते आणि असुर कोठून आले?”

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ज्यांच्या आजा-पणजांना ‘हा तुमच्या मागल्या जन्मीच्या पापाचा भोग’ असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकविले गेले, त्यांच्या घरातला तो प्रश्न आहे. म्हणून आधी हा नकाशा काय आहे ते पाहू.

पाली सुत्तांत पाच गती सांगितल्या आहेत: नरक, पशुयोनी, प्रेत, मनुष्य आणि देव. पुढे असुरांची सहावी गती वेगळी मोजली जाऊ लागली आणि चीन-जपानकडे सहा गतींचीच मांडणी रूढ झाली. वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशा’त या विश्वाचे रीतसर वर्णन आहे. मध्यभागी सुमेरू पर्वत, पाण्यावर 80 हजार योजने उंच. चार दिशांना चार द्वीपे, त्यांतले दक्षिणेचे जंबुद्वीप आपले. सुमेरूच्या माथ्यावर तेहतीस देव आणि त्यांचा राजा शक्र, म्हणजे इंद्र. जंबुद्वीपाच्या खाली आठ उष्ण नरक, त्यांतला सर्वांत खालचा अवीची. पण हे विश्व एकच नाही. अशी हजार विश्वे, त्यांच्या हजारपट आणि पुन्हा त्यांच्या हजारपट, म्हणजे शंभर कोटी विश्वे मिळून एक महाविश्व होते. ती उत्पन्न होतात, टिकतात, नष्ट होतात, मग रिकामा काळ जातो आणि पुन्हा उत्पत्ती होते.

या मांडणीतल्या दोन गोष्टी लक्षात घेतल्या पाहिजेत. एक, या विश्वाला निर्माता नाही. ते प्राण्यांच्या कर्मांतून घडते आणि मोडते. दुसरी, यातली कोणतीच जागा कायमची नाही. नरकाची मुदत संपते तशी देवपदाचीही संपते. कथाकाराला याहून सोयीचे काय हवे? असंख्य जगे आहेत, त्यांत ये-जा आहे, आणि सिंहासनावर बसलेल्या देवालाही पडण्याची भीती आहे.

‘अभिधर्मकोशा’चे चिनी भाषांतर ह्युएन त्संगने सातव्या शतकात केले आणि तेथून हा विचार जपानमध्ये पोहोचला. 985 साली गेन्शिन या भिक्षूने ‘ओजोयोशू’ हा ग्रंथ लिहिला. त्यातले नरकांचे वर्णन इतके तपशीलवार आहे की पुढच्या जपानी कल्पनाशक्तीवर त्याचा खोल ठसा उमटला. बाराव्या शतकात नरकांची आणि भुकेल्या प्रेतांची चित्रे गुंडाळीच्या लांब कागदावर रंगविली गेली. खोटे बोललास तर एन्मा, म्हणजे आपला यम, जीभ उपटील, हे जपानी आई आजही मुलाला सांगते. तेव्हा चित्रकथाकाराने सहा गतींचे नाव घेतले की वाचकाला ते नव्याने समजावून द्यावे लागत नाही.

आता या सामग्रीचे त्यांनी काय केले? बहुतेकांनी तिचा खेळ केला, आणि त्यात वाईट काही नाही. अकिरा तोरियामाच्या ‘ड्रॅगन बॉल’मध्ये (1984-1995) एन्मा कोट-टाय घालून प्रचंड टेबलामागे बसतो आणि मेलेल्यांची रांग कचेरीतल्यासारखी पुढे सरकते. नात्सुमी एगुचीच्या ‘होझुकी नो रेइतेत्सु’मध्ये (2011-2020) नरक हे 272 विभागांचे सरकारी खाते आहे. तेथेही कामाचा बोजा आहे आणि कर्मचारी कमी आहेत. मृत्यूनंतरचा न्यायाधीशसुद्धा शेवटी एक कारकूनच, असे या चित्रांतून दिसते. ज्याने तहसील कचेरीत एका दाखल्यासाठी हेलपाटे घातले आहेत त्याला यातला विनोद वेगळा समजावावा लागत नाही. उलट मासाशी किशिमोतोच्या ‘नारुतो’मध्ये (1999-2014) एक योद्धा सहा मृतदेह चालवितो आणि त्यांना देव, असुर, मनुष्य, पशू, प्रेत, नरक अशी सहा गतींची नावे आहेत. येथे प्रत्येक गती म्हणजे एक लढाऊ शक्ती झाली आहे. नावे राहिली, पण ती ज्या दुःखाची नावे होती ते दुःख मागे पडले, असे मला वाटते.

परंतु हा नकाशा नेहमीच निरुपद्रवी राहिलेला नाही, आणि येथे आपल्याला थांबले पाहिजे. जपानमध्येही जन्माने बहिष्कृत ठरविलेले लोक होते. कातडी कमावणे, मेलेली जनावरे ओढणे ही कामे त्यांच्याकडे होती आणि वस्त्या गावाबाहेर. 1871 साली कायद्याने हा दर्जा रद्द झाला, पण व्यवहारातला भेद उरला. त्याविरुद्ध 3 मार्च 1922 रोजी क्योतोमध्ये ‘सुइहेइशा’, म्हणजे समतेची संघटना, स्थापन झाली. जपानमध्ये मृताला भिक्षू एक धम्मनाव देतात आणि ते थडग्यावर कोरतात. या बहिष्कृतांच्या कित्येक थडग्यांवरील नावांत ‘पशू’ या अर्थाचे अक्षर घातलेले आढळले. म्हणजे सहा गतींतली पशुयोनी धर्मगुरूंनी एका समाजाच्या थडग्यावर लिहून ठेवली. 1979 साली एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या प्रतिनिधीने जपानमध्ये असा भेदभाव उरलेलाच नाही असे सांगितले. त्यावर बहिष्कृतांच्या संघटनेने जाब विचारला, तेव्हा ते विधान मागे घ्यावे लागले आणि पंथाला आपली दप्तरे तपासावी लागली.

याचा अर्थ काय? कर्मसिद्धांत मागे तोंड करून सांगितला की तो विषमतेचे समर्थन होतो, मग सांगणारा भटजी असो की भिक्षू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके हेच ओळखले होते. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्म’मध्ये त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्मामुळे आजची स्थिती ठरते ही कल्पना बुद्धाच्या शिकवणीशी विसंगत म्हणून नाकारली. हा निकष हाती घेऊनच मी या चित्रकथा वाचतो.

या निकषावर जे टिकतात त्यांत पहिले नाव ओसामु तेझुका (1928-1989) यांचे. त्यांच्या ‘बुद्ध’ (1972-1983) या दीर्घ चित्रकथेत सिद्धार्थाच्या आधी भेटतात ते चाप्रा हा गुलाम मुलगा आणि तत्ता हा अस्पृश्य पोरगा. दोघेही तेझुकांनी कल्पिलेले. चाप्रा सेनापतीचा मानलेला मुलगा होतो, पण जन्म उघडकीस येताच त्याला आणि त्याच्या आईला मरावे लागते. मात्र विश्वरचनेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती ‘हि नो तोरी’, म्हणजे अग्निपक्षी, ही त्यांची अपुरी राहिलेली मालिका. 1969-70 मधल्या तिच्या एका भागाचा काळ आठव्या शतकाचा आहे. नारा येथे बुद्धाची प्रचंड ब्राँझमूर्ती उभारली जात आहे. गाओ हा एक डोळा आणि एक हात नसलेला दरोडेखोर. लहानपणी त्याला घेऊन बाप कड्यावरून पडला, त्या अपघातात हे व्यंग आले. गावाने त्याची टवाळी केली आणि तो खुनी झाला. अकानेमारू हा चांगल्या मनाचा मूर्तिकार. गाओ मत्सराने त्याच्या हाताची शीर तोडतो. पुढे मूर्तिकार दरबाराच्या आश्रयाला जाऊन गर्विष्ठ होतो आणि गाओ आपल्या रागातून राक्षसमुखी कौले घडवू लागतो. स्पर्धेत गाओचे काम सरस ठरते, तेव्हा अकानेमारू त्याचा जुना गुन्हा उघड करतो आणि गाओचा उरलेला हातही तोडला जातो. मरताना अकानेमारूला कळते की आता आपल्याला पुन्हा माणसाचा जन्म नाही. हात नसलेला गाओ मात्र डोंगरात तोंडाने छिन्नी धरून मूर्ती कोरीत राहतो.

येथेही पुनर्जन्म आहे. पण तेझुका गाओचे व्यंग कोणत्याही पूर्वपापाच्या खाती टाकीत नाहीत. ते अपघाताने येते आणि पुढची क्रूरता माणसांच्या वागणुकीतून येते. वर-खाली ठरते ते जन्माने नाही, तर माणूस आपल्या रागाचे आणि आपल्या कौशल्याचे काय करतो यावरून. ती भव्य मूर्तीही तेझुकांनी राजसत्तेचे साधन म्हणूनच रंगविली आहे.

दुसरे नाव मोतो हागिओ या लेखिकेचे. रियू मित्सुसे यांच्या 1967 च्या कादंबरीवरून त्यांनी 1977-78 मध्ये एक चित्रकथा केली. तिचे नाव मराठीत ‘हजार कोटी दिवस आणि दहा हजार कोटी रात्री’ असे होईल. तिची नायिका असुर आहे, मुलीच्या रूपातली. बौद्ध कथेत असुर मूळचे सुमेरूच्या माथ्यावरचे रहिवासी. इंद्राने त्यांना मद्य पाजून बेशुद्ध केले आणि पायथ्याशी फेकले, असे जातककथा सांगते. तेव्हापासून त्यांचे युद्ध चालू आहे. नारा येथील कोफुकुजी विहारातली 734 सालची असुरमूर्ती मी छायाचित्रात पाहिली आहे. तीन चेहरे, सहा हात, आणि मुद्रा मात्र एखाद्या व्यथित किशोरवयीन मुलाची. हागिओंची असुर या परंपरेतली आहे. 567 कोटी वर्षांनी मैत्रेय येऊन सर्वांना तारील या वचनावर ती प्रश्न विचारते. जग नष्ट होणार हे आधीच माहीत असलेला तारणहार मुळात तारणहार आहे काय? ते उद्ध्वस्त होईपर्यंत तो थांबतो कशासाठी?

हे वाचताना मला जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ आठवली. 1873 साली त्यांनी बळीराजाच्या कथेत जमीन आणि सत्ता गमावलेल्या लोकांचा इतिहास वाचला होता. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण हरलेल्याच्या बाजूने जुनी कथा पुन्हा वाचली की प्रश्न सारखेच निघतात.

पुतण्याला मी जे सांगितले ते असे. सुमेरू कोठे सापडणार नाही, आणि अवीचीही जमिनीखाली नाही. तो भूगोल म्हणून मानू नकोस आणि कोणी तुझ्या जन्माचे कारण म्हणून दाखविला तर तोंडावर नाकार. पण माणसाने माणसाची केलेली अवस्था दाखविण्यासाठी तो कामाला येतो. न भरणाऱ्या पोटाचा प्रेत आपण दुष्काळात पाहिला आहे. गटारात उतरविलेल्या माणसाचा नरक पाहायला मरावे लागत नाही.

यावर तो म्हणाला, “मग हे आपल्याकडे कोणी का काढत नाही?” भवचक्र आपल्या अजिंठ्यात आहे, बळीराजा आपला आहे, आणि चित्र काढणारे हातही आपल्या वस्त्यांत आहेत. त्याच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते तरुण मित्रांनी द्यावे म्हणून हा लेख.